परत येईल तेच आमिष

गळ टाकणाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास असतो : कोणतं आमिष लावलं म्हणजे मासा लागेल? स्वच्छ, मोकळ्या पाण्यात हा प्रश्न पहिला असायला हरकत नाही. पण केंदाळाने भरलेल्या तळ्यावर, होडी नसताना, काठावरून गळ टाकणाऱ्याने तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिला प्रश्न वेगळा आहे : मी पाण्यात टाकतोय ते आमिष माझ्या हातात परत येईल का?

शब्दांपासून सुरुवात करतो, कारण दोन भाषा शिकवण्यात माझा दिवस जातो. मराठीतल्या ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस. म्हणून तर सामिष आणि निरामिष. उर्दूत त्यालाच ‘चारा’ म्हणतात. दोन्ही शब्दांत काहीतरी खायला देण्याची कल्पना आहे. आता बाजारात मिळणारा ‘लूर’ मात्र खाण्याचा पदार्थच नाही. तो रबर, प्लॅस्टिक, शिसं आणि पोलाद आहे. गांडूळ किंवा कणकेची गोळी तळ्यात राहिली तर काहीतरी ती खाऊन टाकतं. लूर राहिला तर तो वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याचा काटाही.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे लूरची हौस मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आली. त्यांत बहुधा अमेरिकेतलं तळं असतं आणि ‘बास’ नावाचा मासा असतो. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि जवळून जाणारं भक्ष्य झडप घालून गिळायचं, ही त्याची पद्धत. आपल्या तळ्यांत जवळपास हेच काम मरळ करते. मरळीला आणखी एक सोय आहे. कल्ल्यांशिवाय ती थेट हवेतूनही श्वास घेते. त्यामुळे केंदाळाखाली प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती टिकते. तेलंगणाने तर तिला राज्याचा मासा केलंय. म्हणजे व्हिडिओतलं तंत्र इथे चालतं, पण मरळीपुरतं. रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी हा खर्च फुकट आहे. त्यांना शेंगपेंड आणि कणीकच बरी.

कोल्हापूरकरांना केंदाळाची ओळख करून द्यायला नको. रंकाळा असो की पंचगंगा, हिरवा गालिचा पसरला की वर्तमानपत्रात फोटो येतो. ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं खत मिळालं की ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. होडीवाल्याचा गळ अडकला तर तो जवळ जाऊन सोडवतो. काठावरच्या माणसाला ते जमत नाही. त्याने दोरी ओढायची, आणि तुटली तर हात झटकून घरी जायचं. म्हणून निवड काठावरच व्हायला हवी.

ती कशी करावी? आधी पाच मिनिटं पाणी बघावं. केंदाळ तरंगतंय की वनस्पती पाण्याखाली आहेत, मध्ये मोकळ्या फटी आहेत का, आणि मासा लागलाच तर तो वर कुठून घेणार, हे ठरवावं. मगच पेटी उघडावी.

दाट तरंगतं केंदाळ असेल तर पोकळ रबरी बेडूक. याचे दोन काटे वर वळलेले आणि अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून घसरत येतो. माशाने तोंडात धरून दाबला की रबर चेपतं आणि काटे उघडे पडतात. इथे घाई नडते. पाणी उसळलं की लगेच झटका देऊ नये. ‘एक, दोन’ म्हणावं, दोरीला वजन जाणवू द्यावं, मग ओढावं.

वनस्पती पाण्याखाली वीतभर असतील तर रबरी किडा. काट्याचं टोक रबरातच लपवायचं, म्हणजे ते पानांत रुतत नाही. वजन अगदी कमी किंवा नाहीच. पावसाने पाणी गढूळ असेल तर फिरत्या पात्याचा स्पिनर चालतो, कारण गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा कंपनावर जास्त विसंबतो. त्याची वाकवलेली तार काट्याच्या पुढे चालते आणि वनस्पती बाजूला सारते.

आणि तीन-तीन काट्यांचे झुबके लटकवलेला तो चकचकीत प्लॅस्टिकचा मासा? तो मोकळ्या पाण्यासाठी आहे. केंदाळात पहिल्याच फेकीला अडकणार. दुकानात नेमका तोच डोळ्यांत भरतो, हीच अडचण. वर्गातल्या एका मुलाने तो मला दाखवला. “सर, कसला चमकतोय बघा!” मी म्हटलं, “चमकतोय खरा, पण माशासाठी की तुझ्यासाठी?” तो हसला. रंगांच्या वादातही हेच होतं. पाण्यावरून चालणाऱ्या आमिषाकडे मासा खालून बघतो. त्याला दिसतं ते पोट आणि आकाशाच्या उजेडावर उमटलेला गडद आकार. पाठीवरची नक्षी बरीचशी गिऱ्हाइकासाठी असते.

दोरीबद्दल माझा आग्रह जास्त आहे. केंदाळात विणलेली जाड दोरी हवी, चाळीस-पन्नास पौंडांची. यावर जुने शौकीन म्हणतात की बारीक दोरीवर मासा खेळवण्यात खरं कसब आहे, जाड दोरी म्हणजे नुसती ओढाताण. स्वच्छ पाण्यात मी त्यांच्याशी सहमत आहे. पण केंदाळात मासा खेळत नाही, तो मुळांत घुसतो. बारीक दोरी तुटते आणि मासा तोंडात काटा घेऊन जातो. ज्या कसबाची किंमत दुसऱ्याने चुकवायची, त्याला कसब म्हणणं मला पटत नाही.

तुटलेल्या गळाची किंमत चुकवणारे बरेच आहेत. केंदाळ यंत्राने निघतं तसं हातानेही निघतं. कामगार आणि स्वयंसेवक पाण्यात उतरून ते ओढतात. त्या मुळांत काट्यांचा झुबका असेल तर तो कुणाच्या तळव्यात जाईल? पानांवर चालणाऱ्या कमळपक्ष्याच्या पायात दोरी गुंतते. सुटलेलं शिसं पाणपक्षी खडे म्हणून गिळतात. हंस मरू लागले म्हणून इंग्लंडने १९८७ मध्ये साधारण २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आणली. आपण कायद्याची वाट बघायची गरज नाही. लोखंडी वजनानेही काम भागतं.

काट्याचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करणं हा आणखी एक साधा उपाय. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि काटा बोटात गेलाच तर सहज निघतो. लहान मुलांच्या हातात गळ देणाऱ्यांनी तर हे आधी करावं.

परत येण्याच्या हिशोबात मासाही आला. मरळ हवेत श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर ती बराच वेळ जिवंत राहते. सोडायची असेल तर ओल्या हाताने धरून लगेच सोडावी. खायची असेल तर लगेच मारावी. आमच्याकडे मासा जबह करावा लागत नाही. पण त्याचा अर्थ तो पिशवीत तासभर तडफडत ठेवावा असा होत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही आमिषाने करू नये. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात घोळक्याने फिरतात. खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यात बेडूक फेकला की मोठी मरळ धावून येतेच, आणि काही व्हिडिओंत ही युक्ती म्हणून शिकवतात. पण ती मरळ भुकेने आलेली नसते. ती काढली की पिल्लं उघडी पडतात, आणि पुढच्या वर्षांच्या मरळी आपण आजच संपवतो. असा घोळका दिसला तर जागा बदलावी.

शेवटचा मुद्दा हक्काचा. महाराष्ट्रात अनेक तलाव आणि धरणांचे जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात. आपली सुट्टीची हौस ही दुसऱ्याच्या चुलीची बाब असते. गळ टाकण्याआधी विचारणं, परवानगी घेणं, पैसे असतील तर भरणं, यात कमीपणा नाही. शिवाय त्या लोकांना पाण्यातलं कळतं तितकं कुठल्याही व्हिडिओला कळत नाही.

कुणी म्हणेल, एका मास्तराने माशाच्या गळावर एवढं का लिहावं? कारण माझे विद्यार्थी आता बांबूची काठी सोडून रीळ आणि लूर घेऊ लागलेत. त्यांनी हा छंद सोडावा असं मला मुळीच वाटत नाही. तासभर पाण्याकडे गप्प बघत बसायला शिकवणारी दुसरी कोणती शाळा आहे? पण फेकायला शिकवताना परत आणायलाही शिकवायला हवं. संध्याकाळी घरी निघताना पेटीतली आमिषं मोजावीत. सकाळी होती तेवढीच असतील, तर मासा लागो वा न लागो, दिवस चांगला गेला.