गावी जाताना पिशवीत रक्तदाबाचे यंत्र ठेवा

गणपतीचे सात दिवस गावी काढून गेल्या आठवड्यात कॉटन ग्रीनला परत आलो. जाताना पिशव्या भरून नेल्या होत्या, येताना त्याहून जास्त भरून आल्या. कैरीचे लोणचे, आगळाच्या दोन बाटल्या, तळलेले गरे, सुके बांगडे आणि कागदात बांधलेले सोडे. गाडीत समोरच्या गृहस्थांनी दोनदा नाकाला रुमाल लावला. त्यांचे गाव कोकणात नसावे!

कॉटन ग्रीन हा कापसाच्या गोदामांचा भाग. आमच्या पिढीच्या वडिलांनी इथल्या गोदामांत गाठी वाहिल्या किंवा लालबाग-परळच्या गिरण्यांत पाळ्या केल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. तरी कोकणातला माणूस इथे टिकून राहिला. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत राजापूर, लांजा, संगमेश्वरची माणसे पुष्कळ. त्यांचा रक्तदाब मी वर्षानुवर्षे तपासतो आहे. पण त्यांच्या गावी राहिलेल्या आईचा रक्तदाब किती, हे विचारले तर दहातले नऊजण गप्प बसतात. यंदा मीही त्या नऊजणांतलाच निघालो, म्हणून हा लेख.

आमचे गाव राजापूर तालुक्यात आहे. घरामागच्या सड्यावर उभे राहिले की पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत. पाहुण्यांना हे दृश्य फार आवडते. पण वाडीत फिरताना गणपतीचे दिवस सोडले तर कुलूप लागलेली घरे जास्त आणि उघड्या घरांत म्हातारी माणसे जास्त, हे लक्षात येते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया, असे २०११ ची जनगणना सांगते. याचा साधा अर्थ, पुरुष पोटासाठी बाहेर आणि घर राखायला बाई.

जपानच्या ग्रामीण भागात हेच चित्र दिसते. तिथेही समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत भातखाचरे आणि मासेमारीची गावे. तरुण टोकियो-ओसाकाला गेले, गावात म्हातारे राहिले. आज जपानमध्ये दर दहा माणसांत जवळजवळ तीनजण ६५ वर्षांपुढचे आहेत. आपल्यात आणि त्यांच्यात आणखी एक साम्य आहे, ते म्हणजे मीठ. त्याकडे पुढे येतोच.

गौरीच्या आदल्या दिवशी मी सहज यंत्र काढून काकीचा रक्तदाब मोजला. वय त्र्याहत्तर. पहाटे उठून विहिरीवर जाणारी, अजून भात लावणारी बाई. ‘‘मला काय धाड भरलीय? मुंबईवाल्यांना ही थेरं लागतात,’’ असे म्हणत तिने हात पुढे केला. यंत्राने दाखवले १९४ आणि ११०. मला वाटले, यंत्र बिघडले. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, तरी १९० च्या खाली येईना. चौकशी केली तेव्हा फळीवरचा एक डबा खाली आला. त्यात आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या होत्या, अर्ध्याहून अधिक तशाच. ‘‘डोकं दुखलं की घेते,’’ काकी म्हणाली.

वाचकहो, इथेच सारी मेख आहे. रक्तदाब वाढला की डोके दुखेल, चक्कर येईल, असे आपण धरून चालतो. बहुतेकांना काहीच होत नाही. रक्तवाहिन्या आतल्या आत कडक होत जातात, हृदय आणि मूत्रपिंडे शिणतात, आणि एका पहाटे तोंड वाकडे होते. आमच्याच वाडीत दोन वर्षांपूर्वी एका घरात असे झाले. घरच्यांनी ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून दुपारपर्यंत तेल चोळले. कोणी पारव्याचे रक्त लावायला सांगितले. संध्याकाळी गाडी मिळाली, तोवर वेळ टळली होती. ती बाई आज माजघरात खाटेवर आहे. तिची सून तिचे सगळे करते आणि मुलगा मुंबईहून पैसे पाठवतो.

आता मिठाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही नाही. आपण साधारण याच्या दीडपट ते दुप्पट खातो. कोकणी घरात ते कुठून येते हे पाहायला फार लांब जायला नको. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, भाजी मिळत नाही, म्हणून सुकी मासळी, खारातल्या कैऱ्या, लोणचे, पापड, सांडगे. त्यात पेजेसोबत चिमूटभर मीठ वेगळे. हा आपल्या आयांचा अडाणीपणा नव्हता. चार महिन्यांचा पाऊस काढण्याची ती अक्कल होती. पण आता फ्रीज आला, भाजीचा टेम्पो घाटावरून वाडीपर्यंत येतो. गरज सरली, सवय मात्र राहिली. तिच्यात आम्ही चाकरमान्यांनी भर घातली ती फरसाण, वेफर्स आणि दोन मिनिटांच्या शेवयांच्या पुड्यांची. काकीच्या फळीवर गोळ्यांच्या डब्याशेजारी फरसाणाची जी पिशवी होती, ती मीच नेलेली होती.

जपानमध्ये १९५१ पासून सुमारे तीस वर्षे पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. उत्तरेकडच्या थंड प्रांतांत खारवलेले मासे, मुरवलेल्या भाज्या आणि सोयाबीनच्या खारट आमटीवर हिवाळा काढत. काही ठिकाणी माणशी दिवसाला २० ग्रॅमांहून अधिक मीठ पोटात जाई. नागानो हा डोंगराळ प्रांतही त्यातलाच. तिथे मोठमोठी रुग्णालये बांधण्याआधी गावागावांतल्या साध्या गृहिणींना आरोग्याचे शिक्षण देण्यात आले. त्या स्वयंसेविका घरोघर जाऊन आमटीतला खारटपणा मोजत आणि मीठ कमी करून चव कशी राखायची ते दाखवत. सोबत नियमित रक्तदाब तपासणी. पुढे नागानोचे नाव जपानमधल्या सर्वांत दीर्घायुषी प्रांतांत घेतले जाऊ लागले. लोणची त्यांनी सोडली नाहीत, फक्त प्रमाण बदलले.

हे आपल्याला का जमू नये? गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताई वाडीपर्यंत पोहोचलेल्या आहेत. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या देशव्यापी उपक्रमात महाराष्ट्रातले जे जिल्हे आधी घेतले, त्यांत आपला शेजारी सिंधुदुर्ग होता. सरकारी यंत्रणेत उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. डॉक्टरची जागा रिकामी असते, औषध कधी संपलेले असते. त्याबद्दल भांडलेच पाहिजे. पण डब्यात पडून राहिलेल्या गोळ्यांचा दोष सरकारच्या माथी मारता येणार नाही. ‘आई, आज गोळी घेतलीस का?’ एवढे विचारणारे माणूस घरात नाही, हा दोष आपला आहे. फोन तर रोज होतो. त्यात पाऊस किती झाला हे विचारतो, गोळीचे विचारत नाही.

मुंबईत आपल्या प्रत्येक गावाचे ग्रामस्थ मंडळ आहे. वर्गणी निघते, देवळाचा सभामंडप होतो, कमानी उभ्या राहतात. माझी सूचना एवढीच की यंदाच्या वर्गणीतून प्रत्येक वाडीला दंडावर पट्टा बांधायचे एक रक्तदाबाचे यंत्र द्यावे. ते वाडीतल्या एखाद्या शिकलेल्या सुनेकडे ठेवावे, एक वही करावी आणि महिन्यातून एकदा प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा आकडा तीत लिहावा. कमानीच्या रंगाचा खर्चही याहून जास्त होतो.

मोजताना माणसाला पाच मिनिटे शांत बसवावे. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. दोनदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी १४० आणि ९० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर डॉक्टरला दाखवावे. १८० आणि १२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप किंवा बोलण्यात अडखळणे असेल तर थांबू नये. गोळी रोजची असते. आकडा उतरला म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये.

सुकी मासळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. लोणचे बोटभर. पानात वाढलेले मीठ बंद. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ‘कमी सोडियमचे’ मीठ डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नये.

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा जीभ जड झाली तर तेल शोधू नका, १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्या वाडीपासून मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरला तर त्यातला एक तासही तेल चोळण्यात घालवणे परवडणारे नाही.

काकी आता रोज गोळी घेते. आठ वाजता मी फोन करतो. ती आधी मला शिव्या देते, मग आकडा सांगते. काल १५२ होता. अजून खाली यायचा आहे. तिने दिलेली लोणच्याची बरणी माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि माझा स्वतःचा रक्तदाबही काही फार चांगला नाही. तेव्हा बोटभर, हा नियम इकडेही लागू केला आहे.