बाळंतीण गेटाबाहेर, बाप मशीनवर

भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत पुसायला, पॅकिंगला बसणाऱ्या बायकांना विचारा, बाळंतपणाची रजा किती मिळाली? "रजा कसली ताई, काम सोडलं." सातव्या महिन्यात मालक म्हणतो, आता आराम कर, नंतर बघू. ते 'नंतर' येत नाही. वर ती आपणहून गेली असं सांगायला मालक मोकळा!

मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ सालीच झाला. त्या विधेयकाला १९२८ साली कौन्सिलात पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी म्हटलं होतं की हा भार बराचसा सरकारनं उचलावा. ते आपण विसरलो. १९६१च्या कायद्यानं भार मालकावर टाकला. २०१७ साली १२ आठवड्यांची रजा २६ झाली, तीही त्याच्याच खिशातून. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही तेच ठेवलं. मग मालकानं सोपी वाट काढली. नवी लग्न झालेली बाई घ्यायचीच नाही, घेतली तर ठेकेदाराच्या नावावर.

ईएसआयमध्ये तर बाळंतपणाचे पैसे महामंडळ देतं, मालकाला पगाराच्या सव्वातीन टक्के भरायचे. तेही जड! दहा माणसं झाली की नोंदणी लागते, म्हणून एकाच मालकाचे तीन गाळे तीन नावांवर.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरांना १९९७ पासून १५ दिवस आहेत. खाजगी कारखान्यातल्या बापाला कायद्यानं एकही नाही. मागितली तर सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारतो, "बाळंतपण तुझं की बायकोचं?" सगळे हसतात, तो गप्प मशीनवर जातो. म्हणून तो विश्वासू आणि बाई बिनभरवशाची. आपल्याच बैठकीत एकीनं विचारलं, रजा मिळाली तर हा घरी बसून पिणार नाही कशावरून? भीती खोटी नाही. पण मूल फक्त बाईच्या खात्यावर लिहिलं जातं तोवर गेट तिच्यासाठीच बंद होणार. बापाच्या रजेची मागणी आपणच करायला हवी, आणि पैसा सार्वजनिक निधीतून, म्हणजे मालकाला बाई नाकारायला निमित्त उरणार नाही.

तोवर एक करा. कायद्याला वर्षात ८० दिवसांचं काम दाखवावं लागतं आणि हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो. पहिल्या दिवसापासून तारखा स्वतःच्या वहीत लिहा, शेजारी बसणारीची सही घ्या. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.