बुडते कोण?

‘बँक बुडाली’ हे वाक्य शुद्ध असले तरी लबाड आहे. बुडतो तो ठेवीदार. सप्टेंबर २०१९मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा आरंभी मिळाली. मार्च २०२०मध्ये येस बँक कोलमडली. सरकारी मालकीच्या स्टेट बँकेने भांडवल ओतले आणि ५०,००० रुपयांची मर्यादा दोन आठवड्यांच्या आत उठली. मोठी बँक कोसळल्यास व्यवस्था हादरते, हे मान्य. मग लहान बँकेचा ठेवीदार व्यवस्थेबाहेरचा काय? जनतेचा पैसा वापरायचाच, तर तो ठेवीदारासाठी. तोटा आधी भागधारकांनी सोसावा. एकाला ‘पुनर्रचना’ आणि दुसऱ्याला ‘निर्बंध’ देणारी ही भाषा तपासणे साहित्याच्या अभ्यासकांचेही काम आहे.