घर आपले, जमीन कोणाची?

रेल्वेत किंवा टपाल खात्यात तीस-पस्तीस वर्षे घासलेला कामगार ग्रॅच्युइटी, फंड आणि घरबांधणी अग्रिम एकत्र करून दोन खोल्या घेतो. अग्रिम घेतले की घर राष्ट्रपतींच्या नावे गहाण. एवढे करून त्याच्या हाती येते काय? भिंती आणि छप्पर. खालची जमीन बिल्डरच्या नाहीतर सरकारच्या नावावर!

महाराष्ट्रात 1963 च्या मोफा कायद्याने जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेला करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले. करारात मुदत नसेल तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. कसूर केल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद. पण वाढीव चटईक्षेत्रावर डोळा ठेवून बसलेल्या बिल्डरांनी ही मुदत कधी मोजलीच नाही. अखेर 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आले. बिल्डर सही करीत नाही? मग संस्थेने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. म्हणजे गुन्हा त्याचा आणि हेलपाटे आमचे!

जमीन सरकारी भाडेपट्ट्याची असली तर दुखणे याहून जुनाट. तेथे बिल्डरने कागद करून दिला तरी संस्थेला मिळतो तो उरलेला पट्टा; मालकी नव्हे. घर विकायचे तर परवानगी, आणि परवानगीला पैसे. 2019 च्या नियमांनी अशा जमिनी भोगवटादार वर्ग एक करण्याची वाट उघडली, हे मान्य. पण अधिमूल्य ठरते आजच्या रेडी रेकनरच्या टक्केवारीने. जमिनीचा भाव काय आम्ही चढवला? लोकल आली, वस्ती वाढली, भाव चढला. आता ती लोकल चालवणाऱ्यानेच चढ्या भावाचा दंड भरायचा! पेन्शनरांच्या संस्थेने ही रक्कम कोठून आणावी, हे मंत्रालयातील कोणी सांगत नाही. दिल्लीत विकास प्राधिकरणाच्या सदनिका पट्ट्यावरून पूर्ण मालकीत देण्याची योजना 1992 सालीच सुरू झाली. फुकट नव्हे, पण आपल्याकडच्या नियमांच्या सत्तावीस वर्षे आधी.

आमची मागणी सरळ आहे. राहत्या घरांच्या संस्थांचे अधिमूल्य पट्टा दिला त्या वेळच्या रकमेवर आकारा, बाजारभावावर नको. सदनिकेच्या करारात पट्ट्याची उरलेली वर्षे पहिल्याच पानावर छापा. आज ती शोधायला वकील लागतो.

तोवर बंधूंनो, बयाणा देण्यापूर्वी सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः पाहा आणि पट्ट्याची प्रत मागा. शाखांनी आपापल्या भागातील अभिहस्तांतरण रखडलेल्या व पट्ट्यावरील संस्थांची यादी करून महासंघाच्या कार्यालयाकडे पाठवावी.