कुटकी : परीक्षानळीतील गुण आणि औषधाची कसोटी

हिमालयाच्या उंच कुरणांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३००० मीटरांच्या वर, कुटकी ही लहानशी बहुवर्षायू वनस्पती वाढते. संस्कृत वैद्यकग्रंथांत तिला कटुका, तिक्ता, कटुरोहिणी अशी नावे आहेत. तिचे भूमिगत खोड व मुळे अतिशय कडू असून यकृताच्या विकारांवर त्यांचा उपयोग पूर्वापार होत आला आहे. ‘आरोग्यवर्धिनी’ या योगातही कुटकी हेच प्रमुख द्रव्य होय. या जुन्या कीर्तीला आता ‘ऑक्सिडीकरणरोधक’ हे नवे बिरुद जोडले जाते, आणि तेवढ्यावरच रोगनिवारणाची आश्वासने दिली जातात. या शब्दाचा अर्थ नेमका किती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शरीरात प्राणवायूचा उपयोग होत असता काही अत्यंत क्रियाशील रेणू निर्माण होतात व ते पेशींतील घटकांना इजा करू शकतात. कुटकीतील पिक्रोसाइड व कुटकोसाइड ही द्रव्ये अशा रेणूंना निष्प्रभ करतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यांपासून ‘पिक्रोलिव्ह’ हे मिश्रण सिद्ध केले. विषद्रव्यांमुळे यकृताला होणारी इजा त्याने प्रायोगिक प्राण्यांत कमी झाली. कुटकीतीलच ॲपोसायनिन निराळ्या रीतीने कार्य करते. श्वेतपेशींतील ज्या एन्झाइमामुळे हे रेणू निर्माण होतात, त्याची जुळणीच ते रोखते.

परंतु हेच रेणू श्वेतपेशींना जंतूंचा नाश करण्यासाठीही लागतात. तेव्हा ते सर्वस्वी शत्रू व त्यांना रोखणारे प्रत्येक द्रव्य मित्र, असे समीकरण मांडता येत नाही. बीटा-कॅरोटीनच्या बाबतीत ही गोष्ट कटु अनुभवाने सिद्ध झाली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या परीक्षणाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत त्याच्या जोडीला ‘अ’ जीवनसत्त्व देऊन चाललेले परीक्षण अशाच कारणाने १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावे लागले. परीक्षानळीत निर्दोष ठरलेला गुण मनुष्यदेहात अपायकारक ठरू शकतो, हा त्याचा धडा होय.

यावरून कुटकी निरुपयोगी ठरत नाही. तिची परंपरा आणि प्राण्यांवरील प्रयोग ही पुढील परीक्षणाला पुरेशी कारणे आहेत. मात्र ती परीक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. मात्रा किती, कोणत्या रोगात, किती काळ, या प्रश्नांची उत्तरे रुग्णांवरील काटेकोर परीक्षणांतूनच मिळतात.

अवास्तव कीर्तीची किंमत केवळ रुग्णच देतो असे नाही. कुटकीचा औषधी भाग जमिनीखाली असल्याने तो खणताना बहुधा सारे झाडच नष्ट होते. बेसुमार खणतीमुळे ही वनस्पती दुर्मिळ होत गेली, आणि १९९७ मध्ये संकटग्रस्त जातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचा समावेश करावा लागला. पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा संस्थेने ऊतीसंवर्धनाने तिची रोपे सिद्ध करण्याचे काम केले आहे. अशा लागवडीला बळ देणे आणि जाहिरातीतील दाव्यांना पुरावा मागणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच विवेकातून उद्भवतात. ज्या वनस्पतीच्या गुणांची पूर्ण परीक्षा अद्याप व्हावयाची आहे, ती परीक्षेपूर्वीच डोंगरावरून नाहीशी व्हावी, यासारखी हानी नाही.