'डिप्रेस' झालोय यार!

सबमिशनच्या आठवड्यात आमच्या मजल्यावर रोज निदान दहा जण 'डिप्रेस' होतात. जर्नलवर सही मिळाली नाही, डिप्रेशन. केटी लागली, डिप्रेशन. मॅच हरलो तरी डिप्रेशन! आणि रात्री तेच दहा जण टपरीवर कटिंग मारत खिदळत असतात. हा शब्द आपण इतका स्वस्त करून टाकलाय की, खरं डिप्रेशन शेजारच्या कॉटवर पडून होतं तेव्हा मला ते ओळखूच आलं नाही.

थर्ड इयरला माझा रूममेट लेक्चरला जाईनासा झाला. (हे त्याला विचारूनच लिहितोय.) पहाटे चारला जाग यायची, मग दहापर्यंत छताकडे बघत पडून राहायचा. मेसचं ताट तसंच. कॅरमपायी जेवण विसरणारा हा पोरगा, बोलावलं तर "नको रे" म्हणायचा. मी काय केलं? "आळस सोड, पॉझिटिव्ह विचार कर" म्हणून लेक्चर झोडलं. तब्बल दीड महिना! एका रात्री तो म्हणाला, "मी नसतो तर घरच्यांचा खर्च तरी वाचला असता." तेव्हा मात्र माझी टरकली. जीव द्यायचे विचार येतात का, असं सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलतो. तो बोलला. लगेच त्याच्या दादाला फोन लावला आणि आम्ही तिघं सायकिॲट्रिस्टकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो. मग कधी झोपेशिवाय भलताच उत्साह, वारेमाप खर्च असं झालं होतं का, ते खोदून विचारलं. तसं असेल तर तो बायपोलर आजार; त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर पेशंट दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. डिस्थायमिया म्हणून एक प्रकार आहे, सौम्य पण दोन-दोन वर्षं रेंगाळणारा. अशा माणसाला आपण 'स्वभावच रडका' म्हणून मोकळे होतो. मित्राचं निघालं मेजर डिप्रेशन: उदासी किंवा कशातच रस नसणं, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, स्वतःला दोष देणं, आणि हे सगळं जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे.

आपण इंजिनिअर, त्यामुळे लगेच विचारणार, फॉल्ट नेमका कुठे? मीही विचारलं. एकच कारण नसतं. थोडी आनुवंशिकता, जुने आघात, ताण, दारू, एखादा शारीरिक आजार, असं बरंच मिळून होतं. 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलं' ही गोष्ट सोपी म्हणून लोकप्रिय आहे, प्रकरण तेवढं सरळ नाही.

गोळ्या सुरू झाल्या, सोबत दर आठवड्याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. आधी मळमळ आणि अस्वस्थपणाच आला. दहाव्या दिवशी साहेब गोळ्या फेकायला निघाले! गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात हे माहीत होतं म्हणून अडवू शकलो. शिवाय पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला लक्ष ठेवायला बजावलं होतं. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवायचं आणि डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. गेल्या वर्षी एकाला कावीळ झाली तर अख्खा मजला त्याला नोट्स आणून देत होता. माझ्या मित्राने मात्र सगळ्यांना "व्हायरल झालंय" असं सांगितलं. त्याने खोटं का सांगितलं, याचं उत्तर त्याने नाही, आपण द्यायला हवं.

दवाखान्यात जायची हिंमत होत नसेल तर १४४१६ लावा. ही टेलिमानस, २०२२ साली सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन. मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

तो आता फायनल इयरला आहे. परवा मेसच्या वांग्याच्या भाजीला त्याने कचकचीत शिवी हासडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!