सनद कोणाची, मैदान कोणाचे?

कोल्हापुरात खेळ शिकविणाऱ्या माणसाला वस्ताद म्हणतात. हा किताब कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही. तालमीच्या लाल मातीत आयुष्य घालविल्यावर पेठच तो देते, आणि वस्ताद चुकला तर त्याला त्याच पेठेसमोर उभे राहावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या शहरात तालमींना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले, त्या शहरात आता खेळाच्या शिक्षणाचे एक निराळे रूप रुजले आहे. टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि अगदी अलीकडे पिकलबॉल शिकविणाऱ्या अकादम्यांचे फलक जागोजागी दिसतात. पालक दरमहा शुल्क भरतात, मालक कोर्टाचे भाडे वसूल करतो आणि या दोघांच्या मध्ये रॅकेट घेऊन एक शिक्षक उभा असतो. खेळाचा धंदा झाला म्हणून केवळ नाक मुरडण्यात अर्थ नाही. हा शिक्षक कोणत्या अटींवर नेमला जातो आणि त्याची पात्रता कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

नेमणुकीची सर्वसाधारण रीत पाहिली तर शिक्षक हा कामगारच आहे, हे ध्यानात येते. पहाटे मुलांची तुकडी, नंतर नोकरदारांची, दुपारी रिकामा वेळ आणि संध्याकाळी पुन्हा दोन-तीन तुकड्या, असा त्याचा दिवस असतो. टोपलीतून शेकडो चेंडू किंवा शटल भरवून त्याचा खांदा आणि गुडघा झिजतो. मोबदला मात्र बहुधा शुल्काच्या टक्केवारीने मिळतो. मुले कमी झाली की उत्पन्न कमी होते, आणि पावसाळ्यात उघडी कोर्टे बंद पडली की तेही थांबते. पंचगंगेचा पूर आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस ज्या जिल्ह्याच्या पाचवीला पुजलेला आहे, तेथे ही टक्केवारी म्हणजे वर्षातील काही महिन्यांची बेकारीच होय. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि नियुक्तिपत्र हा कामगाराचा हक्क ठरला. तथापि चार-पाच शिक्षकांवर चालणारी लहान अकादमी अशा तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते, आणि मोठी अकादमी शिक्षकाला ‘सल्लागार’ म्हणवून मोकळी होते.

या वर्गाचा इतिहासही विसरता येणार नाही. बॅडमिंटनचे पहिले नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत तयार झाले आणि काही काळ तो खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. साहेब खेळत आणि चेंडू उचलून देण्याचे काम एतद्देशीय पोरे करीत. पुढे जिमखान्यांत ‘मार्कर’ नावाचा नोकर आला. सभासदांना सराव देता देता तो खेळात त्यांच्याहून सरस होई, परंतु सभासदांच्या खुर्चीवर बसण्याची त्याला मुभा नसे. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि कोल्हापूर जिल्ह्याची ऐश्वर्या जाधव २०२२ साली विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. रॅकेटचा खेळ छावणीच्या आणि जिमखान्याच्या कुंपणाबाहेर आला, याची ही साक्ष आहे. शिकविणाऱ्याची प्रतिष्ठा मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही.

आता प्रमाणपत्रांकडे वळू. देशात क्रीडाशिक्षक घडविण्यासाठी १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाली. तिची पदविका आजही मान्यतेची आहे. परंतु त्यासाठी घर सोडून दीर्घकाळ बाहेर राहावे लागते, आणि ज्याच्या शिकवणीवर घरची चूल पेटते त्याला ते परवडत नाही. दुसरा मार्ग जागतिक संघटनांचा आहे. टेनिस महासंघाच्या प्रशिक्षणाचे आरंभिक, मध्यम, प्रगत आणि उच्च कामगिरीचे असे टप्पे आहेत. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेचेही असेच स्तर आहेत. यातील पहिला स्तर नवशिक्या मुलांना शिकविण्यापुरता असतो. भिंतीवर मात्र केवळ ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रप्राप्त’ एवढेच शब्द झळकतात, आणि स्पर्धात्मक खेळाडू घडविण्याच्या आशेने पैसे मोजणाऱ्या पालकाला त्यातील फरक कोणी समजावून सांगत नाही. कित्येकदा प्रमाणपत्र एकाचे असते आणि प्रत्यक्ष शिकवितो दुसराच, अल्प मोबदल्यावरचा एखादा साहाय्यक.

पिकलबॉलच्या बाबतीत तर गोंधळ अधिकच आहे. १९६५ साली अमेरिकेत जन्मलेला हा खेळ भारतात अल्पावधीत पसरला. केंद्र सरकारने २०२५ साली एका राष्ट्रीय संघटनेला मान्यता दिली, तेव्हा आधीपासून काम करणारी दुसरी संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. त्यातच परदेशी खासगी संस्थांची अल्पमुदतीची आणि महागडी प्रमाणपत्रे बाजारात आली आहेत. ज्याच्यापाशी पैसा आणि इंग्रजी आहे तो काही दिवसांत ‘कोच’ होतो. वीस वर्षे कोर्टावर घाम गाळलेला मार्करचा मुलगा ‘अप्रशिक्षित’ ठरतो. डॉ. लोहिया इंग्रजीला विशेषाधिकाराचे हत्यार का मानीत, हे समजण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधावयास नको.

यावर कोणी म्हणेल की प्रमाणपत्रांचे थोतांडच नको, ज्याची मुले जिंकतील तो शिक्षक चांगला. हा युक्तिवाद वरवर लोकशाहीवादी वाटतो, पण तो बाजाराचाच युक्तिवाद आहे. जिंकणारे मूल शंभरांत एखादे असते. उरलेल्यांचे गुडघे शाबूत राहिले का, त्यांना खेळाची गोडी लागली का आणि मुली तेथे निर्भयपणे वावरतात का, याचा हिशेब विजयाच्या चषकात होत नाही. २०१२चा पॉक्सो कायदा विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तीच्या गुन्ह्याला अधिक कठोर शिक्षा सांगतो, परंतु शिक्षा ही गुन्ह्यानंतरची गोष्ट आहे. २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सुरक्षित खेळाच्या धोरणाचा विषय हाती घेतला खरा, पण त्याचा रोख राष्ट्रीय संघटनांकडे आहे. गल्लीतील अकादमीपर्यंत तो पोहोचत नाही.

तसेच केवळ कागदावर विसंबणेही भाबडेपणाचे ठरेल. २०२३ साली देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीरांना जंतरमंतरवर धरणे धरावे लागले, ते खुद्द महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध. मान्यता देणारी संस्थाच उत्तरदायी नसेल तर तिच्या शिक्क्याला कितीशी किंमत राहते? म्हणून पात्रतेची परीक्षा आणि लोकांपुढचे उत्तरदायित्व या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

या बाबतीत कोल्हापूरला परंपरा परकी नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या. त्यांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. सनद ही मूठभरांची मिरास असता कामा नये आणि ती रद्दही होता कामा नये. ती वंचितांच्या हाती गेली पाहिजे, हा त्यामागील विचार होता. क्रीडाशिक्षकांच्या प्रमाणपत्राला हाच विचार लागू करावयास हवा. अन्यथा परदेशी प्रमाणपत्र हे नवे वतन होऊन बसेल.

यासाठी पुढील मागण्या धरून कार्यकर्त्यांनी कामाला लागावे. पहिली, शिवाजी विद्यापीठ आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांनी मिळून रॅकेट खेळांच्या शिक्षकांसाठी मराठीतून, अल्प शुल्कात आणि संध्याकाळच्या वेळेत अभ्यासक्रम चालवावा. त्यात प्रथमोपचार, मुलांच्या शरीराची वाढ आणि बालसुरक्षा हे विषय सक्तीचे असावेत. दुसरी, दीर्घ अनुभव असलेल्या मार्कर व साहाय्यकांची कोर्टावरच प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन त्यांना सनद द्यावी. तिसरी, महापालिकेच्या किंवा शासनाच्या जागेवर चालणाऱ्या प्रत्येक अकादमीच्या करारनाम्यात शिक्षकांना नियुक्तिपत्र, पावसाळ्यासह बारमाही किमान वेतन, पालकांची तक्रार समिती आणि गरीब मुलांसाठी राखीव जागा या अटी असाव्यात. जागा लोकांची आहे, तेव्हा अट घालण्याचा अधिकारही लोकांचा आहे. चौथी, प्रत्यक्ष शिकविणाऱ्याचे नाव आणि त्याच्या प्रमाणपत्राचा स्तर अकादमीच्या दारावर मराठीत लिहावा.

यातील तिसऱ्या आणि चौथ्या मागणीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. महापालिकेतील करारांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात, पालकांची सभा बोलाविता येते. शिक्षकांची संघटना बांधता येते, आणि ज्या जिल्ह्याने दूध आणि उसाचे सहकार उभे केले तेथे शिक्षकांनीच चालविलेली सहकारी अकादमी हे काही अशक्य स्वप्न नव्हे. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते. एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी घर पणाला लावले, त्या शहराने आपल्या शिक्षकांच्या भाकरीची आणि सन्मानाची चिंता वाहावी, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही.